रक्त शुद्ध नसते, नानाविध असते

मागच्या महिन्यात वर्धा जिल्ह्यातल्याच एका खेड्यातले गृहस्थ आमच्याकडे आले होते. मुलीचे साक्षगंध झालेले, लग्नाची तारीख ठरलेली, मंडपवाल्याला इसार दिलेला. तेवढ्यात मुलीची सिकलसेलची तपासणी झाली आणि ती वाहक निघाली. वाहक म्हणजे आजारी नव्हे. शेतात राबणारी, सायकलने कॉलेजात जाऊन पदवी मिळवलेली धडधाकट मुलगी. पण या घराण्याचे रक्तच नासके आहे, असा निरोप मुलाकडच्यांनी धाडला आणि सोयरीक मोडली. मुलाची तपासणी झाली होती का, असे आम्ही विचारले. ती कोणी केलीच नव्हती! केस करता येईल काय, हा त्या बापाचा प्रश्न होता. कायद्याचे जे सांगायचे ते आम्ही सांगितले. पण ते गेल्यावर मनाला बोच राहिली ती वेगळीच. सोयरीक मोडणारे कुटुंब आपलेच, बौद्ध, बावीस प्रतिज्ञा घेतलेले. जात सोडली म्हणणाऱ्यांच्या घरात शुद्ध रक्ताची मनुवादी कल्पना मात्र अजून ठाण मांडून बसली आहे.

म्हणून आज आम्ही एका माणसाचे चरित्र सांगणार आहोत. हा माणूस आपल्या जातीचा नाही, धर्माचा नाही, जन्माने आपल्या देशाचाही नाही. पण शुद्ध रक्त नावाची गोष्ट निसर्गात चालत नाही आणि माणूस टिकला तो विविधतेमुळे टिकला, हे समजायला ज्यांच्या विचाराने मोठी वाट मोकळी केली, त्यांत त्याचे नाव पहिल्या ओळीत आहे. जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन. जग त्यांना जे. बी. एस. हाल्डेन म्हणून ओळखते.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ चा, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचा. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे नामांकित शास्त्रज्ञ. कोळशाच्या खाणीत मजूर कोणत्या वायूने गुदमरून मरतात, याचा शोध ते स्वतः खाणीत उतरून घेत आणि सोबत लहानग्या मुलालाही नेत. एकदा खाणीच्या छताजवळ जमलेल्या वायूत त्यांनी मुलाला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. म्हणता म्हणता मुलगा चक्कर येऊन खाली पडला आणि जमिनीलगतची हवा मिळताच सावध झाला. छताला साचणारा तो वायू हवेपेक्षा हलका असतो, हे तो कधीच विसरला नाही. ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे मानायचे नाही, अनुभवाला उतरले तर मानायचे, हा धडा त्यांना बापाने असा दिला. कालामसुत्त वाचणाऱ्यांना हा धडा ओळखीचा वाटेल.

ऑक्सफर्डमध्ये ते गणित आणि प्राचीन भाषा-तत्त्वज्ञान शिकले. विसाव्या शतकातल्या या थोर जीवशास्त्रज्ञाकडे विज्ञानाची पदवी नव्हती! पहिल्या महायुद्धात ते आघाडीवर लढले, जखमी झाले, मेसोपोटेमियात पुन्हा जखमी झाले आणि उपचारासाठी भारतात आले. या देशाशी त्यांची पहिली ओळख ती. युद्ध सुरू असतानाच, १९१५ साली, त्यांचा बहीण नाओमी आणि मित्र स्प्रंट यांच्यासोबतचा उंदरांच्या आनुवंशिकतेवरचा निबंध प्रसिद्ध झाला. तोवर स्प्रंट रणांगणावर कामी आला होता.

पुढे केंब्रिजला ते जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. एका विवाहित स्त्रीशी असलेल्या संबंधावरून घटस्फोटाचा खटला झाला आणि विद्यापीठाने त्यांना नोकरीवरून काढले. त्यांनी अपील केले, ते जिंकले, त्याच स्त्रीशी १९२६ साली लग्न केले आणि त्याच खुर्चीवर पुन्हा जाऊन बसले. याच काळात, १९२४ पासून, त्यांनी डार्विनच्या नैसर्गिक निवडीला गणिताचा पाया देणारे निबंध लिहिले. एखादे जनुक थोडेसे फायद्याचे असेल तर किती पिढ्यांत ते समाजभर पसरेल, याचा हिशेब त्यांनी मांडला. १९३२ साली त्यावरचे त्यांचे पुस्तक आले. फिशर, राइट आणि हाल्डेन या तिघांनी आधुनिक उत्क्रांतिशास्त्र उभे केले, असे आज जगभर शिकवतात.

१९३३ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले आणि आमच्या विषयाची सुरुवात तिथेच होते. त्या काळी एका उंदराची गाठ दुसऱ्या उंदराच्या अंगात रोवली, तर काही उंदरांत ती वाढते आणि काहींत शरीर ती नाकारते, हे शास्त्रज्ञांना दिसत होते. हाल्डेन यांनी तर्क लढवला की शरीर नाकारते ते गाठीला नव्हे. रक्तगटासारखी काही परकी खूण त्या पेशींवर असते, तिला नाकारते. त्यांच्याकडे आनुवंशिकी शिकायला पीटर गोरर नावाचा तरुण डॉक्टर आला होता. त्याने १९३६ आणि १९३७ साली हा तर्क खरा करून दाखवला. माणसाच्या ए रक्तगटाच्या सीरमने त्याने उंदरांच्या रक्तातल्या खुणा ओळखल्या आणि त्यातली एक खूणच गाठ टिकणार की नाही हे ठरवते, हे सिद्ध केले. माणसातली तशी पहिली खूण फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी १९५८ साली शोधली. या खुणांना आज एचएलए म्हणतात.

हे एचएलए म्हणजे काय, ते आम्ही वकिली भाषेत सांगतो. पोलिसाने मुद्देमाल जप्त केला तरी तो कोर्टासमोर यावा लागतो, तेव्हाच न्यायाधीश त्यावर निर्णय देतो. आपल्या पेशीत जंतू शिरला की त्याच्या प्रथिनांचे तुकडे होतात. एचएलए रेणू तो तुकडा धरून पेशीच्या बाहेरच्या अंगावर मांडतो. रक्तातल्या टी-पेशी फिरतीवर असतात. त्या हा मुद्देमाल बघतात आणि परका दिसला तर ती पेशी नष्ट करतात. मुद्देमाल मांडणाराच नसेल तर न्यायाधीश कितीही हुशार असो, काय करणार?

आता गोम अशी की कोणताही एक एचएलए रेणू सगळेच तुकडे धरू शकत नाही. त्याच्या खोबणीत बसेल तोच तुकडा तो धरतो. ही जनुके आपल्या सहाव्या गुणसूत्रावर असतात. एक संच आईकडून येतो, एक बापाकडून. ए, बी आणि सी ही त्यातली तीन मुख्य जनुके धरली तर एका माणसात जास्तीत जास्त सहा प्रकारचे रेणू झाले. त्यांच्या जोडीला दुसऱ्या गटाचे रेणू असतात ते वेगळे. पण साऱ्या मानवजातीत मिळून या जनुकांचे तीस हजारांहून अधिक प्रकार आज नोंदले गेले आहेत! माणसाच्या इतर बहुतेक जनुकांत असा पसारा आढळत नाही. मग याच जागी एवढी विविधता का?

या प्रश्नाच्या उत्तराची किल्ली हाल्डेन यांच्या १९४९ सालच्या एका छोट्या निबंधात आहे. त्याचा विषय होता रोग आणि उत्क्रांती. माणसातले एचएलए तेव्हा कोणाला ठाऊकही नव्हते. हाल्डेन यांचे म्हणणे असे की थंडी, दुष्काळ आणि वाघ यांच्याइतकाच, किंबहुना अधिक, रोगजंतूंनी प्राण्यांचा इतिहास घडवला. जंतूची पिढी काही तासांची, माणसाची पिढी वीस-पंचवीस वर्षांची. म्हणून जंतू झपाट्याने बदलतो आणि समाजात जी शरीररचना सर्वांत जास्त आढळते, तिला चकवायला शिकतो. अशा वेळी ज्याची रचना विरळ, तो वाचतो. पण वाचला म्हणून त्याची संतती वाढते, ती रचना विरळ राहत नाही आणि मग जंतू तिचीही कुलूपकिल्ली शोधतो. हे चक्र थांबत नाही. त्यामुळे कोणताही एक प्रकार कायमचा श्रेष्ठ ठरत नाही आणि अनेक प्रकार समाजात नांदत राहतात.

आपल्या भागातल्या कास्तकाराला हे समजायला अवघड नाही. हिंगणघाट असो की आर्वी, शेताशेतात एकच तऱ्हेचे विष बाळगणारे बीटी कापसाचे बियाणे पेरले गेले. काही वर्षे अळी मेली. मग गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली आणि २०१७ साली विदर्भात बोंडेच्या बोंडे पोखरून गेली. सगळ्या गावाला एकच कुलूप असले की चोराला एकच किल्ली पुरते.

हाल्डेन यांच्यानंतर याला आणखी आधार मिळाले. डोहर्टी आणि झिंकरनागेल या दोन शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात दाखवले की टी-पेशी जंतूचा तुकडा ओळखते ती आपल्याच एचएलए रेणूच्या हातात तो असेल तेव्हा. त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले. त्यातून दुसरे कारण पुढे आले. ज्याला आई आणि बापाकडून वेगवेगळे प्रकार मिळाले, तो जास्त तऱ्हेचा मुद्देमाल मांडू शकतो. एचआयव्ही झालेल्यांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचे दोन्ही संच वेगळे होते ते एड्सपर्यंत सावकाश पोचले, असे आढळले. तिसरे कारण स्थळकाळाचे. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात बी-५३ हा प्रकार तीव्र मलेरियापासून मुलांना वाचवतो, असे १९९१ साली दिसले. जिथे मलेरिया नाही तिथे त्याचा तो उपयोग नाही. आणि प्रत्येक फायद्याची किंमतही असते. बी-२७ हा प्रकार एचआयव्हीला रोखून धरतो, पण त्याच प्रकाराच्या काही माणसांचा पाठीचा कणा आखडतो.

नवे प्रकार येतात कुठून? जनुकात अचानक होणाऱ्या बदलातून आणि दोन प्रकारांमधल्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी थोड्या पूर्वजांपासून वाढले, त्यामुळे त्यांच्याकडे मुळात थोडेच प्रकार आले होते. त्यांच्यातही अशा अदलाबदलीतून बी जनुकाचे नवे प्रकार तयार झालेले १९९२ साली सापडले. दुसरीकडे, काही एचएलए घराणी इतकी जुनी आहेत की ती माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा फुटण्याआधीपासून चालत आली आहेत. म्हणजे एखाद्या सनातन्याच्या अंगातला एखादा एचएलए रेणू शेजारच्या घरातल्या दलिताच्या रेणूपेक्षा आफ्रिकेतल्या चिंपांझीच्या रेणूशी जवळचा असू शकतो! गोत्र आणि कुळी सांगणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

सिकलसेलची गोष्ट याच विचाराची सख्खी बहीण आहे. भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांत थॅलॅसेमिया एवढा का, या प्रश्नावर १९४८-४९ साली हाल्डेन यांनीच सुचवले की त्या जनुकाचा एक अंश बाळगणारा माणूस मलेरियात तग धरत असावा. १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलबाबत तेच सिद्ध केले. १९५८ साली आपल्या नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद जगापुढे मांडली. तेव्हा आमच्या बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांत हे जनुक का आहे, याचे उत्तर स्पष्ट आहे. ते पाप नाही, कर्माचे फळ नाही आणि हलक्या कुळाची खूण तर नाहीच. आमच्या वाडवडिलांनी हिवतापाशी हजारो वर्षे जी झुंज दिली, तिचा तो वण आहे. एक अंश मिळालेला तगला. दोन अंश मिळालेल्याला मात्र जन्मभराच्या वेदना. निसर्गाचा हा न्याय नाही, नुसता हिशेब आहे. त्यात दया आणण्याचे काम माणसाचे.

हाल्डेन यांचा आमच्याशी दुसरा संबंध इथे येतो. हिटलरच्या जर्मनीत वंशशुद्धीचे थैमान चालले होते आणि इंग्लंडमध्येही दुबळ्यांची सक्तीने नसबंदी करावी, असे मानणारे प्रतिष्ठित लोक होते. १९३८ साली हाल्डेन यांनी आनुवंशिकता आणि राजकारण यावर पुस्तक लिहून हा डाव गणितानेच उघडा पाडला. दोन अंशांनी होणाऱ्या विकारांची बहुतेक जनुके धडधाकट वाहकांत लपलेली असतात. आजारी माणसांना कितीही छळले तरी ती नाहीशी होत नाहीत. आमच्याकडे त्याआधी दोनच वर्षे, १९३६ साली, बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनावरच्या आपल्या ग्रंथात जातीला वंशशुद्धीचे शास्त्र म्हणून मिरवणाऱ्यांचा समाचार घेतला होता. एका प्रांतातले उच्च आणि नीच मानलेले लोक एकाच वंशाचे असतात, हे त्यांनी ठासून मांडले. त्याही आधी, १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात, जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, हे त्यांनी दाखवून दिले होते. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या आणि अमेरिकेतल्या हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली जनुकांवरून दाखवले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले लोक एकमेकांत मिसळत होते आणि नंतर दारे बंद झाली. म्हणजे सगळेच मिश्र आहेत. कुलूप मागाहून लागले.

हाल्डेन यांना आम्ही देव करणार नाही. व्यक्तिपूजा आपल्या तत्त्वात बसत नाही. तरुणपणी सुप्रजननाच्या कल्पनांचे त्यांनाही आकर्षण होते. पुढे ते कम्युनिस्ट झाले आणि रशियात लायसेन्को नावाच्या भोंदूने सत्तेच्या जोरावर आनुवंशिकी गाडली, शास्त्रज्ञांना देशोधडीला लावले, तेव्हा पक्षनिष्ठेपायी हाल्डेन यांनी जेवढ्या स्पष्टपणे बोलायला हवे होते तेवढे ते बोलले नाहीत. अखेर ते पक्षापासून दूर झाले, पण उशिरा. चळवळीतल्या माणसांनी हा धडाही घ्यावा. नेत्याची बाजू राखण्यासाठी सत्य दडवले की नुकसान चळवळीचेच होते.

मात्र त्यांच्या धाडसाला तोड नव्हती. १९३९ साली थेटिस ही पाणबुडी बुडून ९९ माणसे मेली. त्यांचा श्वास कसा कोंडला असेल, हे शोधायला हाल्डेन स्वतः बंद कोठीत बसले. अशा प्रयोगांत त्यांच्या कानाचे पडदे फाटले, मणक्याला इजा झाली. प्रयोगाची किंमत दुसऱ्या गरिबाने नव्हे, आपण मोजायची, हा त्यांचा दंडक.

१९५७ साली, नागपूरच्या धम्मक्रांतीच्या पुढच्याच वर्षी, ते इंग्लंड सोडून पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. जर्नल ऑफ जेनेटिक्स हे नियतकालिकही त्यांनी सोबत आणले. ते आजही भारतातूनच निघते. त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले, साधा कुर्ता घालू लागले. महागडी यंत्रे नसली तरी डोळे, कागद आणि गणित यांच्या बळावर विज्ञान करता येते, हे त्यांनी इथल्या तरुणांना शिकवले. त्यांच्या शिष्यांनी आंध्रात नात्यातल्या लग्नांचा अभ्यास केला. कलकत्त्यात वरिष्ठांशी पटेना, म्हणून १९६१ साली त्यांनी संस्था सोडली आणि १९६२ साली भुवनेश्वरला गेले. कर्करोगाने त्यांना तिथेच गाठले. १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकीनाड्याच्या रंगराया मेडिकल कॉलेजला विद्यार्थ्यांसाठी दिला गेला.

या चरित्राचा आमच्या जिल्ह्यातल्या त्या मोडलेल्या सोयरिकीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. सिकलसेल मुळातून बरा करण्याचा जुना आणि खात्रीचा मार्ग म्हणजे बोन मॅरोचे रोपण. त्यासाठी एचएलए जुळावे लागते. सख्ख्या भावाबहिणीत ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. आणि दोघे वाहक नवराबायको असतील तर मूल आजारी होण्याची शक्यताही प्रत्येक खेपेला चारांत एकच. भावंडात जुळले नाही तर परक्या दात्यांच्या नोंदवहीत शोधावे लागते. तिथे कोट्यवधींच्या या देशातले दाते फार थोडे आणि आपल्या वस्त्यांमधले तर बोटावर मोजण्याइतके. हजारो प्रकार असलेल्या खुणेचा जोडीदार थोड्या नावांत कसा सापडणार? जी विविधता साथीत समाजाला वाचवते, तीच इथे आडवी येते. तिच्यावर उपाय एकच, नोंदवहीत आपली नावे वाढवणे.

तेव्हा समाजबांधवांना आमचे सांगणे एवढेच. तपासणी करा आणि ती मुलाची व मुलीची, दोघांचीही करा. एकट्या मुलीला पिंजऱ्यात उभे करू नका. एक जण वाहक आणि दुसरा नसेल तर मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही. लग्न मोडण्याचे कारणच उरत नाही. दोघेही वाहक असतील तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन त्या दोघांनी ठरवावे, पंचायतीने नव्हे. जातीबाहेर लग्न केल्याने तपासणी टळत नाही. पण एकाच बंद वर्तुळात सोयरिकी होत राहिल्या की दोन वाहक समोरासमोर येण्याचा संभव वाढतो, हेही खरे. ज्यांच्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे, त्यांनी लक्षात ठेवावे की २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही. १ जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू झाले आहे. आपल्या वस्तीत तपासणीचे शिबिर लावून घ्या. आणि तरुणांनी बोन मॅरो दात्यांच्या नोंदवहीत नाव घालावे. बुद्धविहाराच्या रक्तदान शिबिरात रांग लावणाऱ्या तरुणांना हे जड नाही.

त्या बापाला आम्ही पुन्हा बोलावले आहे. केस करण्यासाठी नव्हे. मुलाच्या घरच्यांनाही सोबत बोलावले आहे. ते येतील की नाही ठाऊक नाही. आले तर त्यांना आम्ही आधी मुलाची तपासणी करायला सांगू आणि मग हीच गोष्ट सांगू.

जय भीम!